तीर्थन नदीवर ट्राउटसाठी एक दिवस: गाइडला पैकीच्या पैकी, सामानाला काठावर पास

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू फक्त हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यातल्या एका दिवसाच्या फ्लाय फिशिंग (खोटा किडा लावून ट्राउट मासा पकडायचा) पॅकेजचा आहे, राहण्याच्या जागेचा नाही, आणि नाव मुद्दाम टाकत नाहीये. खोरं छोटं आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि ज्या तक्रारी आहेत त्या त्या माणसाच्या तोंडावर सांगून झाल्यात. तुम्ही तिकडे जाणार असाल तर कुठलंही पॅकेज घेताना काय विचारायचं एवढं कळलं तरी बास.

मी मूळचा कुडाळकडचा. लहानपणी खाडीवर काकाबरोबर गरवायला जायचो, म्हणजे दोरी, शिसं, गरी, गरीला कोळंबी आणि मग तासभर गप्प बसणे. काका म्हणायचा, "गरी पाण्यात आसा तवसर तोंड बंद." एवढ्या भांडवलावर मला वाटत होतं की आपल्याला मासेमारीतलं कळतं. मेव्हण्याला त्यातलं काहीच कळत नाही पण त्याने मोबाईलवर फ्लाय फिशिंगचे इतके व्हिडिओ बघितले होते की दसऱ्याच्या सुट्टीत हिमाचलला जायचं ठरल्यावर मनाली-बिनाली सगळं बाजूला पडलं आणि आम्ही थेट तीर्थन व्हॅलीचं बुकिंग केलं.

जायचं कसं ते पटकन सांगतो. दिल्लीहून मनालीची रात्रीची बस, पहाटे औटचा बोगदा लागायच्या आधी उतरायचं. मनालीवाले बोगद्यात शिरतात, आपण उजवीकडे लारजीकडे वळायचं, मग बंजार, मग गुशैनी. लारजीला धरण आहे, १२६ मेगावॅटचा प्रकल्प, तिथे पाणी हिरवंगार आणि एकदम थांबलेलं दिसतं, ते बघून मेव्हणा म्हणाला "दाजी, हे तर आपल्या पानशेतसारखंच". मग गाडी तीर्थनच्या कडेने वर चढायला लागली आणि तो गप्प झाला. वरच्या तीर्थनवर पण प्रकल्प येणार होते, पण बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि गावातली माणसं कोर्टापर्यंत गेली आणि ते रद्द झाले, म्हणून ही नदी आज अशी आवाज करत वाहतेय. मासे आहेत ते पण त्याच्यामुळेच, हे गाइडने दिवसभरात निदान तीन वेळा सांगितलं.

आता पहिली तक्रार. आमचं बुकिंग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं होतं. आदल्या रात्री साडेनऊला फोन आला, "सर, कल नहीं हो पाएगा, परसों करते हैं." कारण काय तर त्यांच्या गावचा देव कुल्लूच्या दसऱ्याला गेलेला आणि गाइड रथाबरोबर गेलेला, परत यायला उशीर. कुल्लूचा दसरा आपला संपतो त्या दिवशी म्हणजे विजयादशमीला सुरू होतो आणि आठवडाभर चालतो, आजूबाजूच्या खोऱ्यांतून शेकड्याने देवांचे रथ ढालपूरच्या मैदानावर येतात. मेव्हणा जाम भडकला. मला मात्र राग धरता येईना, कारण आमच्याकडे शिमग्यात पालखी असताना कुणी मला म्हणालं असतं की ऑफिसला ये तर मी काय केलं असतं. पण बुकिंग घेताना दसऱ्याची तारीख माहीत होती की नाही, मग तेव्हाच सांगायचं. आमच्याकडे एक दिवस जास्तीचा होता म्हणून निभावलं, परतीचं तिकीट असतं तर सगळंच बोंबललं असतं. दसऱ्याच्या आठवड्यात जाणार असाल तर हे पहिलं विचारून घ्या.

पैसे दोघांचे मिळून साडेसहा हजार, त्यात गाइड, सामान, लायसन्स आणि दुपारचं जेवण. लायसन्स हिमाचलच्या मत्स्य विभागाचं असतं, आम्हाला माणशी शंभर रुपयाची दिवसाची पावती मिळाली. ती पावती मागून घ्या आणि तारीख बघा. आमच्या पावतीवर आदल्या दिवसाचीच तारीख होती! गाइड म्हणाला "कोई नहीं पूछता", मी म्हटलं मी विचारतोय ना, मग तो बिचारा बाइक काढून गेला आणि नवीन घेऊन आला, त्यात सकाळचा पाऊण तास गेला, आणि सकाळचा पाऊण तास म्हणजे काय ते पुढे कळेलच. ट्राउटचा सीझन मार्च ते ऑक्टोबर, एक नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत बंद, कारण त्या दिवसांत मासे अंडी घालतात. वरच्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत गळ टाकायचा नाही, सगळी मजा गेटच्या खालच्या नदीत.

सामान बघून माझा चेहरा पडला. जाहिरातीत दोन फ्लाय रॉडचे फोटो, प्रत्यक्षात फ्लाय रॉड एक आणि दुसरा आपला साधा स्पिनिंगचा रॉड, त्याला चमकणारा स्पिनर, म्हणजे पाण्यात गरगर फिरणारी धातूची पाती. "सर, स्पिनर से पक्का मिलेगा." अरे पण आम्ही फ्लायचे पैसे दिलेत ना! शेवटी ठरलं की आळीपाळीने एकच रॉड वापरायचा, आणि खरं सांगायचं तर ते बरंच झालं कारण एकाला वीस मिनिटांत खांदा भरून येतो. रॉड नऊ फुटी, पाच नंबरचा, चांगला होता. लाइन मात्र जुनी, जागोजागी तडे गेलेली, तरंगायची ती टोकाकडे बुडत होती. वेडर्स म्हणजे छातीपर्यंतची रबरी पँट, माझी डावीकडून गळत होती. बर्फाचं पाणी पायात शिरलं की सुरुवातीला दुखतं, मग काही कळतच नाही, मग जेवायला बसल्यावर पुन्हा दुखतं. बुटांचे तळवे मात्र फेल्टचे, म्हणजे जाड नमद्यासारख्या कापडाचे होते, शेवाळलेल्या दगडांवर पाय धरून ठेवतात, त्याचे मार्क देतो.

इथे फ्लाय फिशिंग म्हणजे नक्की काय ते सांगायला पाहिजे, कारण मला स्वतःला तिथे जाईपर्यंत कळलं नव्हतं. आपल्या गरीत शिसं जड असतं, ते फेकलं की दोरी मागून जाते. इथे उलटं. टोकाला जी फ्लाय आहे, म्हणजे हुकावर पिसं आणि केस गुंडाळून केलेला खोटा किडा, तिला वजन जवळपास नाहीच, त्यामुळे वजन लाइनलाच दिलेलं असतं आणि तुम्ही लाइन फेकता, फ्लाय तिच्या मागे आयती जाते. म्हणून तो मागे-पुढे झोका द्यायचा. घड्याळ डोळ्यासमोर आणायचं, हात दहा आणि दोनच्या मध्येच हलवायचा, आणि मागे गेल्यावर लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. हे थांबणं कुणालाच जमत नाही. मी पहिल्या अर्ध्या तासात लाइनचा चाबूक करून दोन फ्लाय तोडल्या, आणि मेव्हण्याने एक देवदारावर इतकी उंच लटकवली की ती अजून तिथेच असणार. माझं मनगट मागे पडत होतं म्हणून गाइडने रॉडची मूठ माझ्या शर्टाच्या कफात खोचली, आता मनगट वाकवायचं म्हटलं तरी वाकेना, आणि दहा मिनिटांत फरक पडला. इतका साधा उपाय मेव्हण्याच्या एकाही व्हिडिओत नव्हता. मागे झाडं असतील तिथे रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न नेता पाण्यावरूनच गुंडाळत पुढे टाकायची, हे पण त्याने शिकवलं आणि तीर्थनवर निम्म्या जागी हेच लागतं कारण काठावर झाडी आहे.

पण गाइडला मी पैकीच्या पैकी देतोय ते कास्टिंग शिकवलं म्हणून नाही. शिकवणारे खूप असतात. या पोराने पहिला अर्धा तास आम्हाला पाण्यात रॉड टाकूच दिला नाही. "पहले पानी देखो सर." मी मनात म्हटलं पाऊण तास पावतीत गेला, आता अर्धा तास पाणी बघण्यात. आम्ही जे बघत होतो ते म्हणजे नुसतं पांढरं फेसाळ पाणी आणि दगड, सगळीकडे सारखंच. त्याने पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला. खाली बारीक बारीक किडे, काही चपटे, शेपटीला दोन-तीन केस असलेले, आणि काही वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत बसलेले, जणू स्वतःचं घर घेऊन फिरतायत. म्हणाला मासा दिवसभर हेच खातो, वरून पडणारी माशी हा वरचा खाऊ. मग त्याने डबीतून एक फ्लाय काढली, तपकिरी, डोक्याशी पितळी मणी, आणि त्या चपट्या किड्याशेजारी हातावर ठेवली. काय सांगू, जुळे भाऊ. फेझंट टेल नाव तिचं.

मग त्याने पाणी वाचायला शिकवलं. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो म्हणून आपण खालून वर जायचं, त्याच्या पाठीमागून. जोराच्या पाण्यात तो उभा राहत नाही, दमेल ना, तो मोठ्या दगडाच्या मागे जो शांत खिसा असतो तिथे, नाहीतर जोरात वाहणारं आणि हळू वाहणारं पाणी जिथे एकमेकाला घासून जातं त्या रेघेवर, आराम पण आणि खाऊ पण दारात. दगडाच्या पुढे सुद्धा पाणी आपटून एक उशी तयार होते, तिथे पण असतो, हे मला पटलंच नाही आणि नेमका तिथेच दुपारी मोठा होता. आपली सावली पाण्यावर पाडायची नाही. आणि जिथे बारीक गोट्यांचा साफ पट्टा दिसेल तिथे पाय द्यायचा नाही, थोड्या दिवसांनी माद्या तिथेच अंडी घालणार. अर्ध्या तासानंतर तीच नदी मला वेगळी दिसायला लागली, म्हणजे अक्षरशः, खिसे दिसायला लागले, रेघा दिसायला लागल्या. परक्या नदीवर गेल्यावर मी पैसे ह्याचे देतो. २०२३ च्या जुलैतल्या पुराने पात्र कुठे कुठे बदललं, कुठले जुने डोह बुजले, कुठे नवीन झाले हे त्याला पायाखालच्या वाटेसारखं माहीत होतं. आम्ही एकटे गेलो असतो तर सगळा दिवस रिकाम्या पाण्यात लाइन धूत बसलो असतो.

गुशैनीला फलाचन नदी येऊन तीर्थनला मिळते, तिथून खाली आम्ही सुरुवात केली. लाइनला लोकरीचा छोटा गोंडा बांधलेला, तो अडखळला की समजायचं मासा लागला. पहिले पाच-सहा वेळा तो अडखळला आणि मी "अरे" म्हणेपर्यंत सगळं संपलेलं. खाडीत मासा गरी गिळतो, दोरी ओढतो, आपल्याला सावकाश कळतं. ट्राउट चव घेतो आणि खोटं आहे कळलं की थुंकतो, सेकंदभर पण नाही लागत. ऊन वर चढल्यावर तर तेही बंद झालं, आणि तेव्हा मला त्या पावतीच्या पाऊण तासाची खरी किंमत कळली, कारण कोवळ्या उन्हातली जी वेळ होती ती आम्ही बाइकची वाट बघण्यात घालवली होती.

पहिला मासा साडेअकराला, मेव्हण्याला. होय, मेव्हण्याला. ज्याला काही कळत नाही त्याला. वीतभरापेक्षा थोडा मोठा ब्राऊन ट्राउट, आणि बाबांनो तो रंग! पिवळट सोनेरी अंग, त्यावर काळे ठिपके आणि मधेमधे लाल ठिपके आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं, जणू कुणी बारीक ब्रशने एकेक टिकली लावलीय. गाइडने आधी हात ओले करायला लावले, कोरड्या हाताने धरलं तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग होतो. हुकाचा काटा आधीच पकडीने दाबून सपाट केलेला होता त्यामुळे लगेच निघाला. पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून धरला, दोन श्वास घेतले आणि गेला. मेव्हण्याने फोटो काढायच्या आत गेला, त्यामुळे घरी कुणी विश्वास ठेवत नाहीये, आणि मी साक्ष देत नाहीये.

हा मासा मुळात इथला नाही. इंग्रजांनी आधी काश्मीरमध्ये आणला आणि मग १९०९ च्या सुमारास कुल्लूच्या नद्यांत सोडला, त्यांना घरच्यासारखी मासेमारी पाहिजे होती म्हणून. आपल्या कोयना-कृष्णेत का नाही असा प्रश्न मेव्हण्याने विचारला, तर त्याला थंडगार आणि भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं, वीस डिग्रीच्या वर त्याचा जीव कासावीस होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याची आमटीच होईल.

जेवण नदीकाठी, राजमा, भात, आणि स्टीलच्या डब्यात घट्ट बसवलेली मुळ्याची चटणी. साधं आणि गरम, तक्रार नाही. ट्राउट खायचा असेल तर तो रात्री होमस्टेवर मिळतो, पण तो नदीतला नसतो बरं का, फार्मवरचा रेनबो ट्राउट असतो, अंगावर गुलाबी पट्टा असलेला, वाहत्या पाण्याच्या सिमेंटच्या टाक्यांत वाढवलेला. मोहरीच्या तेलात तळून देतात. मांस गोडसर, काटे कमी, आणि मालवणी माणसाला सांगायचं तर चव सभ्य आहे, म्हणजे बांगड्यासारखी अंगावर येत नाही. मला राहून राहून वाटत होतं की याला तिरफळ पाहिजे. गंमत म्हणजे तिरफळाचंच एक भावंड तिकडच्या जंगलात वाढतं, त्याच्या काड्यांनी लोक दात घासतात, पण माशात घालायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

दुपारनंतर सूर्य डोंगराआड गेला, साडेतीनलाच, आणि गाइड आम्हाला थोडं वर एका डोहाशी घेऊन गेला. समोर घरासारखा दगड. मी नेहमीप्रमाणे त्याच्या मागे फ्लाय टाकत होतो, गाइड म्हणाला आगे, आगे डालो. पुढे टाकली. गोंडा अडखळला नाही, तो सरळ गेलाच. मी रॉड उचलला आणि पलीकडे जे काही होतं ते एकदा वळलं, मला त्याची पिवळी कूस दिसली, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत तरी असेल, आणि मग लाइन हलकी झाली. ओढून बघितलं तर तुटली होती गाठीपाशी. गाठ मी बांधलेली नव्हती, ती माझ्या गचाळ कास्टिंगमुळे हवेतल्या हवेत आपोआप पडलेली होती, अशी गाठ पडली की दोरा तिथे कमजोर होतो आणि दर दहा कास्टला बोटाने चाचपून बघायचं असतं. गाइडने हे सकाळी सांगितलं होतं. तीनदा सांगितलं होतं. तो काही बोलला नाही, नुसता नवीन टिपेट, म्हणजे फ्लायच्या आधीचा बारीक दोरा, बांधत बसला, आणि मला काकाची आठवण झाली कारण काका पण अशा वेळी काही बोलायचा नाही, फक्त विडी पेटवायचा.

त्यानंतर मला एक मिळाला, सहा-सात इंची, ठिपके सगळे जागच्या जागी. झालं एवढंच. दिवसाचा हिशेब दोन मासे, दोन्ही परत नदीत, चार फ्लाय झाडांवर.

तर पॅकेज घ्यावं का? हाच गाइड मिळणार असेल तर घ्या, डोळे झाकून. साडेसहा हजार महाग वाटतात, पण त्यातले निम्मे मी त्या अर्ध्या तासाचे आनंदाने देईन. सामानाचं मात्र आधी फोटो मागवून, नावानिशी विचारा: फ्लाय रॉड किती, लाइन कधीची, वेडर्स कुठल्या साइजचे आणि गळतात का, आणि गळत नाहीत म्हणाले तरी विश्वास ठेवू नका. लाइन आणि टिपेट स्वतःचं नेता आलं तर उत्तम, पुण्यात मिळणं अवघड आहे, ऑनलाइन मागवावं लागतं. मी निघताना जुन्या लाइनबद्दल बोललो तर तो ओशाळून म्हणाला सामान मालकाचं आहे, माझं नाही, आणि ते खरंही असावं, म्हणून टिप त्याच्याच हातात दिली. वेळ म्हणाल तर मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी दुधाळ आणि फुगलेलं असतं आणि पावसाळ्यात तर गढूळच. मेव्हण्याने आल्या आल्या रॉड मागवलाय आणि रोज संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर दहा ते दोन करतो, परवा वॉचमनने वर येऊन विचारलं की साहेब नक्की काय पकडताय.

आणि लोकरीचे मोजे निदान तीन जोड न्या. तिकडे ऑक्टोबरात रात्री वाळत घातलेला मोजा सकाळी काढताना गारठलेला आणि ओलाच असतो.